मागच्या रांगेत बसा, पण जा

मुंबईला आपण कशाकशाला जातो! केईएमला, मंत्रालयात, दादरला लग्नाच्या खरेदीला, लेकीच्या घरी. पण विद्यापीठातला सेमिनार ऐकायला म्हणून वडखळ-पेणकडचे कुणी सकाळची एसटी धरल्याचे ऐकिवात नाही. धरावी, असे माझे सांगणे आहे. अर्थशास्त्राचा असो की मानसशास्त्राचा, वर्षातून दोन-तीन ऐकले तरी पुरे.

सेमिनार म्हणजे व्याख्यान नव्हे. तिथे दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. एक संशोधक आपले अर्धेकच्चे काम मांडतो आणि बाकीचे त्यात खोट काढतात. अर्थशास्त्रवाले तर त्याला पुरते बोलूही देत नाहीत, तिसऱ्या स्लाइडलाच हात वर होतो. मानसशास्त्रवाले जरा सबुरीचे, बहुधा शेवटपर्यंत थांबतात. वर्तमानपत्रात 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' एवढेच छापून येते. सिद्ध करताना किती ओढाताण झाली ते इथे दिसते. 2015 साली मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्शाचेच निष्कर्ष टिकले. हे उघड केले ते संशोधकांनीच.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्यातले काय कळणार? एक उदाहरण देतो. काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांचा 1990 चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग फुकट दिले आणि नंतर ते विकायला सांगितले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी मागितलेली किंमत, नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. हातचे सोडायला माणसाला जास्त मोल लागते, असा त्याचा अर्थ लावतात.

आता 2008 चा सप्टेंबर आठवा. महामुंबई सेझला जमीन द्यायची का, या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या, आपल्या पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत अजमावले होते. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. त्या दिवसांत भावाची चर्चा जेवढी झाली, तेवढेच 'विकायचीच नाही' हेही लोक म्हणत होते. मगाला दुप्पट किंमत मागणारा आणि जमिनीला किंमतच न सांगणारा, या दोघांचे मन एकाच मापाने मोजता येते का? हा प्रश्न प्राध्यापकाला सुचेलच असे नाही. खारबंदिस्तीच्या शेतावर वाढलेल्या माणसाला तो सुचतो. म्हणूनच तुमची तिथे गरज आहे.

दुसरे उदाहरण पैशाच्या चणचणीचे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. 464 शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, बुद्धीची कोडी घातली. पैसे हाती आल्यावर त्याच शेतकऱ्यांना पुन्हा घातली. नंतरची उत्तरे चांगली आली. माणूस तोच, शेतही तेच. पैशाच्या काळजीने डोके अडकून पडते, असे संशोधकांचे म्हणणे. लगेच शंका निघते की दुसऱ्या खेपेला सराव झाला असेल. म्हणून त्यांनी काही शेतकरी राखून ठेवले होते आणि त्यांना पहिल्यांदा कोडी घातली ती ऊस गेल्यावरच. अशी एकेक शंका आणि तिची तजवीज ऐकणे, यातच सेमिनारची खरी गोडी आहे. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखानदाराने, ज्याचा वर्षाचा बहुतेक पैसा एकाच मोसमात येतो, हे ऐकले तर तो पाच मिनिटांत आपल्या धंद्यातला आषाढ सांगेल.

इंग्रजीची धास्ती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यावर उपाय असा: पेपर बहुधा आधी मिळतो, त्याचा पहिला परिच्छेद घरी कुणाकडून तरी समजून घ्या. पहिली दहा मिनिटे कान देऊन ऐका, प्रश्न काय आहे ते तिथेच सांगतात. मधली गणिते सुटली तर सुटू द्या. माहिती कुणाकडून घेतली, कुणाला विचारायचे राहिले, आणि तुलना कुणाशी केली, एवढे पकडा. विचारायचे तर एक वाक्य विचारा. मराठीत विचारलेत तरी चालेल, समजणारे कुणीतरी निघतेच. भाषण मात्र ठोकू नका. 'आमच्या रायगडात' अशी सुरुवात करून दहा मिनिटे खाणारा पाहुणा दुसऱ्यांदा कुणालाच नको असतो.

कालिनाला मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्र आणि उपयोजित मानसशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत; पनवेलहून हार्बरने कुर्ला, पुढे बस नाहीतर रिक्षा. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 साली स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्यात 1930 पासून गोखले संस्था. प्रत्येक सेमिनार बाहेरच्यांना खुला असतोच असे नाही, म्हणून आधी दोन ओळींचा ईमेल करा आणि फाटकावर दाखवायला ओळखपत्र ठेवा. वडखळच्या कोंडीसाठी तासभर जास्त धरायचा, हे काय तुम्हाला सांगायचे!

सेमिनारची खोली आणि आपली शेते फार लांब आहेत असे वाटत असेल, तर हेही ऐका. 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. त्याच आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा वडखळहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या चरीच्या परिसरात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप चालूच होता.

आणखी एक. संशोधक आपल्याकडेही येतात. पाण्याचे विचारतात, बचत गटाचे विचारतात, जमिनीचे विचारतात, प्रश्नावली भरून घेतात आणि जातात. पुढच्या खेपेला कुणी ओटीवर येऊन बसला की चहा द्या, उत्तरे द्या, आणि उठायच्या आधी त्याला विचारा: हे तुम्ही कुठे वाचणार आहात? तारीख कळवा, आम्ही चौघे येतो. आणि जमले तर एकदा पेणलाही वाचा.