घर बघताना टेप सोबत घ्या

मणक्याला मार लागून कमरेखालची ताकद गेलेल्या पेशंटला घरी सोडायची वेळ आली, की घरचे सगळे औषधं, गादी, फिजिओथेरपी यांच्या मागे असतात. व्हीलचेअरही आणली जाते. पण ती घरात शिरणार कशी, हा प्रश्न पडतो तो गाडी दारात उभी राहिल्यावर! आणि पेशंट बाई असेल तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "तिला आता कुठं बाहेर जायचंय? मागच्या खोलीत कॉट टाकू."

मैत्रिणींनो, या मागच्या खोलीबद्दलच मला आज बोलायचंय.

माझी मावसबहीण गच्चीवर वाळवण घालताना पडली. कठडा नव्हता. आपल्याकडे वाहनांच्या अपघातांइतकीच झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत पडूनही माणसं अशी जायबंदी होतात. तिचं सासरचं घर तसं ऐसपैस. पण जोतं दोन फूट उंच, मोरीचं दार जेमतेम दोन फुटांचं आणि संडास परसात, तोही उकिडवं बसायचा. दर वेळी तिला उचलायला दोघं लागायची, त्यातला एक धाकटा दीर. शेवटी तिनं काय करावं? पाणी पिणंच कमी केलं. मग लघवीला इन्फेक्शन, ताप, पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. बरोबरच होतं त्यांचं, पण मोरीच्या दाराचं माप त्यांना कोण सांगणार?

मग भाड्याचं घर शोधायला तिची जाऊ आणि मी निघालो. तळमजला मिळेल, एवढीच अपेक्षा होती. नव्या इमारतींत तळमजल्यावर पार्किंग, आणि तीन मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. जुन्या वाड्यांत तळमजला आहे, पण तिथं पायऱ्या आणि वीतभर उंबरे. एका घरमालकांनी "आजारी माणूस नको" असं तोंडावर सांगितलं. दुसऱ्यांना रॅम्पनं घराची शोभा जाईल असं वाटलं. शोभा! त्यांच्याच अंगणात मोटारसायकल चढवायला सिमेंटचा उतार केलेला होता. अखेर एका आजींनी दोन खोल्या दिल्या. त्यांचेच गुडघे दुखत होते, म्हणाल्या, "कर गं उतार, मलापण बरं पडंल."

या फिरण्यात जे कळलं ते सांगते. घर बघायला जाताना टेप न्या आणि जिच्यासाठी घर बघतोय तिलाही न्या. रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. गवंडी मोटारसायकलच्या हिशेबानं चार-पाच फुटांत उतार काढून देतो. त्यावरून खुर्ची मागे कलंडते, वर ढकलणारीची कंबर जाते ती वेगळीच. मोठी खुर्ची बाहेरून साधारण २५-२६ इंच रुंद असते. त्यामुळे दार चौकट सोडून मोकळं तीन फूट मिळालं तर उत्तम. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कारण आत उघडलं तर खुर्ची आत घेऊन दार लावता येत नाही आणि बाई दार उघडं ठेवून अंघोळ करते. आत वळायला पाच फूट जागा लागते. कमोड खुर्चीच्या उंचीचा आणि बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ नका, ती निघून येते. पायांना संवेदना नसते, म्हणून गरम पाणी आधी हातानं तपासायचं. भाजलेलं कळतसुद्धा नाही.

आणि स्वयंपाकाचा ओटा? तो कुणी बघतच नाही! "ती आता कशाला स्वयंपाक करतेय," म्हणे. आमच्या बहिणीनं मात्र खिडकीशी खालून मोकळं, बसून हात पोचेल असं टेबल करून घेतलं. चहा तिचा तीच करते. संध्याकाळी शिकवणीची मुलं येतात, ती पुढच्या खोलीत.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेकींनी वाचलं असेल. ऐन तारुण्यात पाय गेलेल्या या बाईंनी अपंगांसाठी वसतिगृहं उभी केली. असं काम व्यक्ती करतात, पण कायद्याचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम बांधकामाच्या तरतुदी आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की याचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. आपल्या गावातल्या जुन्या घरांपर्यंत हे पोचायला वेळ लागेल, हे उघड आहे.

पण याच कायद्याचं कलम ३७ आजही उपयोगाचं आहे. सरकारी घरांच्या योजनांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना पाच टक्के आरक्षण आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य, असं त्यात स्पष्ट आहे. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधी काढून ठेवा. घरकुलासाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत अर्ज देताना कलमाचा आकडा लेखी घाला, तळमजला हवा हेही लिहा. "वहिनी, बघतो" असं म्हणतील. पोच घेतल्याशिवाय उठू नका.