शर्टावर चित्र उमटतं कसं?

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात कार्यानुभवाचा तास चालला होता. पांढऱ्या रुमालावर भेंडीचे ठसे उमटवायचे होते. सगळ्यांचे हात रंगलेले, बाकं रंगलेली. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, भेंडी कशाला? बाबांच्या प्रिंटरमध्ये रुमालच घालू या ना! कागदावर उमटतं तसं त्याच्यावरही उमटेल.”

वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. कारण अगदी हाच विचार करून माणसांनी खरोखर तसं यंत्र बनवलं आहे. त्याला म्हणतात डीटीजी, म्हणजे ‘डायरेक्ट टू गारमेंट’. तयार शर्टावर थेट छपाई. आपण काढलेलं चित्र द्यायचं, शर्ट फळीवर ताणून बसवायचा, आणि पाच-सहा मिनिटांत चित्र शर्टावर!

पण आधीच सांगते, घरच्या प्रिंटरमध्ये रुमाल घालू नका हं. कापड आतल्या रुळांत गुंडाळलं जाईल, प्रिंटर बंद पडेल आणि बोलणी मात्र माझ्या नावाने बसतील. शिवाय त्या शाईने चित्र उमटलं, तरी पहिल्याच धुण्यात त्यातलं बरंचसं वाहून जाईल.

आता हे यंत्र रंगवतं कसं? त्याला ना ब्रश, ना ठसा. ते शाईचे थेंब उडवतं. होळीची पिचकारी आठवा. फक्त ही पिचकारी इतकी बारीक की तिच्या एका थेंबाची जाडी आपल्या केसाच्या निम्म्यापेक्षाही कमी. हा थेंब मोजायला ‘पिकोलिटर’ हे माप वापरतात. एक लिटर पाण्याचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. औषधाच्या ड्रॉपरमधून जो एक थेंब पडतो ना, त्यातून दहा पिकोलिटरचे साधारण ५० लाख थेंब होतील!

एवढासा थेंब उडवायचा कसा, याची एक गंमत सांगतात. १९७७ मध्ये जपानमधल्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो नावाचे संशोधक काम करत होते. बाजूला शाई भरलेली इंजेक्शनची सिरिंज होती. तिच्या सुईला चुकून तापलेला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा टेकला आणि सुईच्या टोकातून शाई पिचकन उडाली. उष्णतेने आत बुडबुडा तयार होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही अनेक घरगुती प्रिंटर याच युक्तीवर चालतात.

कापडावर छापणारी यंत्रं मात्र बहुतेक दुसरी युक्ती वापरतात, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवायचा तो टक् टक् करणारा लायटर आठवा. त्याच्या पोटात चिनी मातीसारख्या एका खास पदार्थाचा तुकडा असतो. बटण दाबलं की त्याच्यावर ठोका बसतो, वीज तयार होते आणि ठिणगी उडते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधून काढलं. हे पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरींचे पती झाले तेच. याच्या उलटही होतं बरं का. त्या तुकड्याला वीज दिली, की तो किंचित वाकतो. शाईच्या बारीक नळीच्या भिंतीला असा तुकडा बसवला, की वीज देताच भिंत आत दबते आणि एक थेंब बाहेर. एका सेकंदात हजारो वेळा! यात शाई तापवावी लागत नाही, म्हणून कापडाच्या दाट शाईला ही रीत सोयीची पडते.

इथवर सगळं कागदासारखंच. खरी पंचाईत पुढेच आहे.

तुमच्या गणवेशावर कधी पेनाची शाई सांडली आहे? एवढासा ठिपका पडतो आणि बघता बघता पसरत जातो. सुती कापड म्हणजे कापसाच्या तंतूंचं जाळं. ते शाई पिऊन घेतं आणि इकडेतिकडे पोचवतं. मग चित्रातला बारीक डोळा, मिशी, अक्षरं यांचं काय होणार? सगळी खीर! शिवाय शर्ट काळा असला तर आणखी एक अडचण. काळ्या कार्डशीटवर पिवळं स्केचपेन चालवून बघा. काही दिसतं का? नाही दिसत. पण आधी पांढरा पोस्टर कलर लावून, तो वाळल्यावर वर पिवळं लावलं, तर झकास दिसतं.

यंत्रही तेच करतं. गडद शर्टावर ते आधी चित्राच्या आकाराचा पांढरा थर देतं आणि त्यावर आकाशी, राणी, पिवळा आणि काळा हे चार रंग. या चारांच्या ठिपक्यांतून बाकीचे रंग आपल्या डोळ्यांना दिसतात. (रंगीत पुस्तकाचं पान भिंगाखाली धरा, तिथेही हेच चार सापडतील.)

पण पांढरी शाई कापडाने पिऊन टाकली तर? ती वरच्या वर थांबायला हवी. इथे आपली तुरटी मदतीला येते. म्हणजे तुरटी नव्हे, तिची चुलत बहीण म्हणा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं? मातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते खाली बसतात. छपाईच्या आधी शर्टावर एक पाणी फवारतात. त्यात बहुधा कॅल्शियमचे क्षार असतात. शर्ट गरम दाबून वाळवतात. मग शाई पडली रे पडली, की तिच्यातले रंगाचे कण जागच्या जागी गोळा होतात. आत शिरायला त्यांना सवडच मिळत नाही.

मला या सगळ्या यंत्रातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. थेंब उडवण्याचं कौतुक सगळे करतात, पण चित्र टिकतं ते कापडाच्या तयारीमुळे. आणि ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेलं सुती कापड मिळालं. चार हजार वर्षांपूर्वीचं ते कापड मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवलेलं होतं. मंजिष्ठा नुसती लावली तर कापडावर नीट धरत नाही. आधी तुरटीसारखं काहीतरी द्यावं लागतं. कच्छमध्ये अजरख छापणारे कारागीर आजही कापडाला आधी हिरडा देतात, तुरटी देतात आणि मग रंगात घालतात. तुरटीचं काम तिथे थोडं वेगळं, ती रंगाला धाग्याशी बांधते. पण क्रम बघा, तोच आहे.

शेवटी शर्ट गरम दाबयंत्राखाली ठेवतात. साधारण १६० अंश सेल्सिअस. उकळत्या पाण्यापेक्षाही पुष्कळ जास्त! त्याने शाईतलं पाणी उडून जातं आणि तिच्यातला चिकट पदार्थ पक्का होऊन रंगाला धरून ठेवतो. हे सगळं सुती कापडावर छान जमतं. पॉलिस्टरचं तसं नाही. लाल पॉलिस्टर तापलं, की त्याचाच लाल रंग वर येतो आणि पांढरं चित्र गुलाबी होतं. म्हणून क्रिकेटच्या पॉलिस्टर जर्सीवर वेगळ्या पद्धतीने, रंगाची वाफ करून छपाई करतात.

अमेरिकेत मॅथ्यू ऱ्होम यांनी अशा यंत्राच्या पेटंटसाठी १९९६ मध्ये अर्ज केला. ब्रदर या जपानी कंपनीचं यंत्र २००५ मध्ये आलं, तेव्हा त्यात पांढरी शाई नव्हती. फिक्या शर्टांवरच छापता यायचं. पांढरी शाई सांभाळणं कठीण. तिच्यात टिटॅनियम डायऑक्साइडची पूड असते, ती पाण्याच्या चौपट जड. खाली बसते आणि बारीक भोकं तुंबतात. दिवाळीत आठ दिवस दुकान बंद ठेवायचं, तरी मालकाला या शाईची काळजी! ती सारखी हलती ठेवावी लागते.

आता एका पालकांचा प्रश्न. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे बाबा घराच्या पडवीत स्क्रीन प्रिंटिंग करतात. लाकडी चौकटीला ताणलेली जाळी, तिच्यावर रबराच्या पट्टीने ओढलेला रंग. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. पालकसभेनंतर ते थांबले आणि म्हणाले, “बाई, मुलांना हे मशीन सांगताय ते ठीक. पण आमच्या धंद्याचं काय?”

त्यावर आम्ही दोघांनी तिथेच फळ्यावर गणित मांडलं. तुम्हीही मांडा. आकडे ‘समजा’चे आहेत. चार रंगांचं चित्र, एका चौकटीचा खर्च ४०० रुपये, म्हणजे चौकटींचे १६०० रुपये. पुढे प्रत्येक शर्टाला छपाईचे २० रुपये. यंत्रावर चौकटच नाही, पण शाई महाग, म्हणून प्रत्येक शर्टाला १८० रुपये. एक शर्ट हवा असेल तर चौकटीने १६२० रुपये आणि यंत्राने १८०. शंभर हवे असतील तर चौकटीने ३६०० आणि यंत्राने १८०००! किती शर्टांना दोन्ही खर्च सारखे होतील, ते तुम्ही काढा आणि आईबाबांना दाखवा.

त्यांचा चेहरा जरा उजळला. दहीहंडीच्या पथकाचे दीडशे शर्ट, गणेश मंडळाचे दोनशे, ही कामं त्यांचीच राहतील. पण खोटा धीर मी दिला नाही. वाढदिवसाचा एखादा शर्ट, नव्या दुकानातल्या पाच नोकरांचे शर्ट, अशी कामं त्यांच्या हातून गेली आहेतच. आणि हल्ली फिल्मवर छापून ती शर्टावर दाबायची आणखी एक पद्धत आली आहे, ती पॉलिस्टरवरही चालते. त्यामुळे लहान कामं परत येतील असं मला वाटत नाही. ते आता अशी कामं घेतात आणि शहरातल्या यंत्रवाल्याकडून छापून आणतात. मधले थोडे पैसे सुटतात. चौकटीचं काम मात्र स्वतःच्या हाताने.

तुम्हांला स्वतःचं चित्र छापून घ्यायचं आहे? मग ते पेन्सिलीने फिकं काढू नका, ठळक रंगवा. मोबाइलने तिरका फोटो काढण्यापेक्षा स्कॅन करून द्या. आणि दुकानदाराला सांगा, “मागचा कागद काढून टाका.” नाहीतर काय होतं? यंत्राला कागदाचा पांढरा रंगही चित्रच वाटतो. काळ्या शर्टावर तुमच्या मोराभोवती मोठा पांढरा चौकोन छापून येतो! टीव्हीवरच्या कार्टूनचं चित्र मात्र दुसऱ्याच्या मालकीचं असतं. ते छापून शर्ट विकायला गेलात तर कायद्याची भानगड होऊ शकते. तुमचा मोर तुमचा, त्याला कोणी हरकत घेणार नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी. दुकानात सगळ्यालाच ‘डिजिटल प्रिंट’ म्हणतात, तेव्हा चित्रावरून बोट फिरवून बघा. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यासारखं लागलं तर बहुधा फिल्म. पांढऱ्या शर्टावर जवळजवळ काहीच लागलं नाही तर थेट छपाई. नव्या गडद शर्टावर चित्राभोवती फिकट चौकोनी डाग दिसला, तर घाबरू नका. तो फवारलेल्या पाण्याचा असतो, बहुतेक वेळा पहिल्या धुण्यात जातो.

आणि धुताना शर्ट उलटा करायचा, पाणी गार, सावलीत वाळवायचा, इस्त्री उलट्या बाजूने. दगडावर आपटायचा नाही आणि चित्रावर ब्रश तर मुळीच नाही. आजीला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तिच्या हातात एकदा ब्रश आला, की मोराचा पिसारा काही शिल्लक राहत नाही.