स्वावलंबनाची जमीन कशी ओळखावी?

शहरी नोकरीला विटलेली सुशिक्षित मंडळी दुष्काळी मुलखात स्वस्त माळरान मिळवून तेथे स्वावलंबी संसार थाटण्याची भाषा करू लागली आहे. या ओढीची थट्टा करण्याचे कारण नाही. गांधीविचारात आणि समाजवादी चळवळीतही तिची मुळे सापडतात. परंतु पाच-दहा एकर ओसाड जमीन एका कुटुंबाला पोशील काय, हा प्रश्न पाऊस किती आणि भाव किती एवढ्यावरच निकालात काढला जातो, तेव्हा त्यात अर्थशास्त्र नसते आणि शेतीही नसते. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात बसून वाळवंटाची चर्चा करणे कोणास विचित्र वाटेल. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथूनच अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम साधा हिशेब पाहू. माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर वीस लाख लिटर पाणी. पाच माणसांच्या घराला माणशी रोज ५० लिटर धरले तरी वर्षाला एक लाख लिटर लागत नाहीत. कागदावर ही सुबत्ताच झाली! प्रत्यक्षात ते पाणी चार-सहा सरींत येते, उतारावरून वाहून जाते, उरलेले ऊन पिऊन टाकते. धान्याचे गणित अधिक कठोर आहे. माणशी रोज अर्धा किलो धरल्यास या कुटुंबाला वर्षाला नऊ क्विंटल धान्य हवे. कोरडवाहू ज्वारी एकरी तीन क्विंटल धरली तर तीन एकर केवळ भाकरीत गेले. डाळ, तेलबिया, बियाणे, बैलांचा कडबा यांना जमीन वेगळी. आणि मीठ, औषध, मुलांची शाळा यांसाठी काही विकावे लागणारच.

हे सारे सरासरी वर्षाचे झाले. सरासरी ही वर्गात शिकवायला फार सोयीची संकल्पना आहे. दुष्काळी तालुक्यात ती क्वचितच दारी येते. तेथे जमिनीची कसोटी लागोपाठच्या दोन वाईट वर्षांनी लागते. १९७२ च्या दुष्काळाने ती हजारो कुटुंबांची घेतली आणि धडधाकट शेतकरी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. जुन्या काळी धान्याचे पेव आणि कडब्याची गंजी या वाईट वर्षासाठीच राखलेली असे.

मग वाळवंटात माणसे जगलीच कशी? जैसलमेरच्या परिसरात पाऊस २०० मिलिमीटरही नसतो. तेथे पालीवालांनी ‘खडीन’ पद्धत रुजविली. खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांब बांध घालायचा, पावसाचे पाणी तेथे मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. एक एकर पिकविण्यासाठी दहा-पंधरा एकर उताराचे पाणी लागते. म्हणजे पिकणारे शेत त्या व्यवस्थेचा लहानसा तुकडा. खरी संपत्ती तो नापीक दिसणारा उतार. उतार परक्याच्या हाती गेला की शेताचा सातबारा निव्वळ कागद उरतो.

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर हेच सूत्र आपल्या भूमीवर पडताळले. देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविले, मुरविले; त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम कार्यकर्त्यांनी मुखोद्गत करावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मोजणीने: दर माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. उसाला मज्जाव. योजनांपैकी पुष्कळशा पुढे बंद पडल्या, हे खरे. पण जमीन कुटुंबाला पोसते की नाही हे पाण्याच्या वाटपावर ठरते, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली.

आता भंडाऱ्याकडे वळू. येथे पाऊस सुमारे १३०० मिलिमीटर, म्हणजे माणदेशाच्या अडीचपट. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले तलाव, बोड्या, पाट, पाणी फिरविणारा पाणकर आणि तलावातल्या मासळीवर जगणारे ढिवर असे सारे येथे होते. मिलिमीटरच्या न्यायाने स्वावलंबनाला याहून योग्य भूमी नाही. तरीही धान लोंबीवर असताना अखेरचे एक पाणी चुकले की बांधी वाळते आणि दोन एकरांचा धनी नागपूरला बांधकामावर जातो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली ते योग्यच झाले. त्या जुलमाचे दुःख करणारे आम्ही नव्हे. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि ते राखण्याचे गावाचे दायित्व मात्र कोणाकडेच आले नाही. गाळ साचला, पाट मोडले, पाळीपर्यंत अतिक्रमणे आली. निस्तारपत्रकातील हक्क दप्तरात राहिले. पुढे १९८८ मध्ये वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी झाली. त्यात उठलेल्या गावांच्या पुनर्वसनातही भूखंड आणि रोख मोबदला यांवरच भर राहिला. नदी, मासळी, गुरचरण यांचे मोल कोणत्या खात्यात धरावयाचे?

म्हणून माळरान पाहावयास जाणाऱ्याने पावसाचे आकडे मागून विचारावेत. वैशाखात जावे आणि गावची विहीर पाहावी. उताराची आणि गायरानाची मालकी कोणाची, शेजारचे बोअर किती खोल गेले, हे विचारावे. दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागते आणि माणसे ऊसतोडीला जातात, हे मोजावे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेले हात टिकत नाहीत, तेथे नवागताचे पुस्तकी ज्ञान टिकण्याची शक्यता थोडी. त्याच्यापाशी पैसा असेल तर तो आणखी खोल बोअर घेईल आणि शेजाऱ्याची विहीर आटेल. त्याला स्वावलंबन म्हणण्यास आमची तयारी नाही.

आमच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे काम याहून जवळचे आहे. येत्या ग्रामसभांत गावच्या तलावाचे निस्तारपत्रक मागवून मोठ्याने वाचावे, पाण्याचा आणि मासळीचा हिस्सा कोणाचा हे तेथेच नोंदवावे, आणि त्या वाचनाला भूमिहीन व ढिवर कुटुंबांतील स्त्री-पुरुष हजर राहतील अशा वेळी सभा ठेवावी. रोवणीच्या दिवसांत ती ठेवली तर कोणी येणार नाही.