मशेरीचा रकाना कुठे आहे?

रविवारी नेरूळमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ‘बाळाची तयारी’ नावाचं शिबिर झालं. पडद्यावरचं पहिलंच चित्र: जीन्समधली मुलगी, बोटांत सिगारेट, वरून लाल फुली. समोर बसलेल्या बायकांपैकी एकीनेही कधी सिगारेट हातात धरली असेल असं वाटत नव्हतं. ओढणारे नवरे गेटबाहेर टपरीवर उभे होते. जेवणाच्या वेळी मात्र बरोब्बर आत आले.

ज्या घरात सुनेच्या ताटातली पपईची फोड मोजली जाते, त्याच घरात मुलाच्या खिशातलं पाकीट कुणाला दिसत नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि सिगारेट त्याची संख्या, हालचाल दोन्ही बिघडवते. म्हणजे ‘तयारी’ त्यानेही आधीच सुरू करायला हवी. पण त्याला सांगणार कोण? तो जावई!

माझा खरा राग पुढेच आहे. महापेच्या आयटी पार्कमागे सिगारेट ओढणारी मुलगी घ्या, आणि तिच्याच घरी पोळ्या लाटायला दिघ्याहून येणारी बाई. पहिलीकडे रिक्षावालेसुद्धा वळून बघतात. दुसरी तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजते, शेजारी खोकत खिडक्या लावतात, मग ती तो कुस्करून डबीत भरते आणि दिवसातून चारदा बोटाने दातांवर फिरवते. हीच मशेरी. पोट साफ होतं, दाढ दुखत नाही, भूक मरते, असं ती म्हणते. बहुधा आईनं नाहीतर सासूनंच शिकवलेलं असतं. दिवस राहिल्यावर दोघीही नाव नोंदवायला जातात. ‘स्मोकिंग?’ पहिली खोटं बोलते, दुसरी अगदी खरं सांगते: नाही. दोघींच्या केसपेपरवर एकच उत्तर.

२०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १.४ टक्के स्त्रिया ओढणाऱ्या होत्या आणि १६.६ टक्के धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या. तरी चित्र सिगारेटचंच! मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं होतं की असा तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. त्यात मशेरी लावणाऱ्याच सगळ्यांत जास्त. हे गुप्ता नंतर हीलिस सेखसरिया संस्थेचे संचालक झाले, आणि ती संस्था कुठे, तर आपल्याच नवी मुंबईत. इतक्या जवळचं शिबिरवाल्यांना ऐकू गेलं नाही.

गुटखाबंदीचं म्हणाल, तर ती २०१२ पासून आहे. कुठे दिसली तर कळवा.

डॉक्टरमंडळी, केसपेपरचा पुढचा गठ्ठा छापायला द्याल तेव्हा दोन ओळी वाढवा: मशेरी लावता का, आणि नवरा काय घेतो. मूल हवं असं ठरवलेल्यांनी तर केसपेपरचीही वाट बघू नये. सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच असतो. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर काहीच छापलेलं नसतं, तेव्हा पोळ्यांच्या मावशींना तो नंबर तुम्हीच सांगा.