पडदा काळा, हिशेब शाबूत

मागच्या दिवाळीची गोष्ट. वाडीतल्या आमच्या महिला मंडळाचे वर्षाचे हिशेब पुरे करायचे होते. इथे गुजरातेत जुन्या वर्षाचा चोपडा दिवाळीला मिटतो, म्हणून घाई. खोलीची साफसफाई झाली, कॉम्प्युटर लावला, तर मॉनिटर काळा ठिक्कर! बटण दाबून दाबून बोट दुखलं. लगेच कुजबुज सुरू झाली, "गेले गं बाई हिशेब!" संध्याकाळपर्यंत पुरुषमंडळींचा निरोप हजर : बायकांना हे झेपत नाही, पुढच्या वर्षापासून हिशेब आमच्याकडे द्या. दुरुस्तीवाला आला, उभ्या उभ्या पाहून म्हणाला, "बेन, आ तो गयुं. नवुं ज लई लो." आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला राग आहे तो त्या माना डोलावण्याचा. माझीही मान त्यात होती.

अगं, मॉनिटर म्हणजे नुसतं तोंड. हिशेब राहतात शेजारच्या सीपीयूत. तोंड मिटलं म्हणून डोकं रिकामं होत नाही. एवढं जरी एकीला ठाऊक असतं, तरी तो निरोप आम्ही खाली मान घालून ऐकला नसता.

आणि कोण म्हणतं आपल्याला झेपत नाही? मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? आधी प्लग बघतो, मग दुसऱ्या सॉकेटात लावून बघतो, मग मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबतो. नवा मिक्सर आणायला कुणी धावत नाही. मॉनिटरचंही तसंच, क्रमानं बघायचं.

पहिलं, मॉनिटरचा बारीक दिवा. तो मुळीच लागत नसेल तर वीजच पोचत नाही. सॉकेट बघा, वायर मॉनिटरच्या मागे घट्ट बसलीय का बघा. बऱ्याच मॉनिटरांना आणि सीपीयूला एकाच जातीची वायर लागते. तशी असेल तर अदलाबदल करून बघा. दिवा पिवळा किंवा लुकलुकणारा असेल, तर वीज आहे, पण सीपीयूकडून चित्र येत नाही. मग चित्राची केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवा, आणि मॉनिटरच्या बटणांतून योग्य इनपुट निवडलाय का तेही बघा. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च धरल्यावर अक्षरं पुसट दिसली, तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. एवढं करूनही शंका राहिली तर तीच केबल घरच्या टीव्हीला लावा; टीव्हीवर चित्र आलं की दोष मॉनिटरचाच. मात्र मॉनिटर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते. जळका वास आला तर प्लग काढा आणि जाणत्याला बोलवा.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन बसले. दिवा पिवळा होता. टेबलामागे वाकून पाहिलं, तर चित्राची केबल सीपीयूतून अर्धी निघालेली. झाडताना ओढली गेली होती, आमच्याच हातून. ती दाबून बसवली आणि अख्खा चोपडा समोर!

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. पोरीला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होई. त्या गावात आपण एका केबलीपायी हिशेबाचा हक्क सोडून द्यायचा? तेव्हा दंड बापाला होता, आता तो आपल्यालाच बसतोय : नव्या मॉनिटरचे पैसे, आणि वर 'तुम्हाला काय कळतंय'.

हिशेब आमच्याकडेच राहिले. निरोप धाडणाऱ्यांपैकी कुणी परत आलं नाही, माफी तर दूरच. ती मला नकोही आहे. मला हवंय ते एवढंच की पुढच्या वेळी पडदा काळा झाला, तर मंडळातली कुठलीही बाई आधी टेबलामागे वाकेल, आणि मगच मान डोलवायची की नाही ते ठरवेल.