भाड्याचें गाणें

दरमहा थोडे पैसे भरले कीं जगांतलें सारें संगीत आपलें झालें, अशी समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं घट्ट बसली आहे. ज्या कपाटांत रेकॉर्डी आणि कॅसेटी नांदत होत्या तें कपाट रद्दीवाल्यानें नेलें. त्याची जागा हातांतल्या फोनानें घेतली. ही सोय आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सोय निराळी आणि मालकी निराळी.

मालकी कोणाची, हें मार्च २०२३ मध्यें पुष्कळांस कळलें. स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांच्यामधील परवान्याचा करार संपला, नवा ठरेना, आणि शेंकडों गाणीं ग्राहकांच्या याद्यांतून दिसेनाशीं झालीं. वर्गणी भरणाऱ्यांस कोणीं विचारलें नाहीं. भाडेकरूस विचारतो कोण? त्याआधीं डिसेंबर २०२० मध्यें गूगलनें आपलें ‘प्ले म्युझिक’ हें दुकानच बंद केलें, आणि बिऱ्हाडकरूंस दुसऱ्या वाड्यांत सामान हलविण्याची सूचना मिळाली.

पण गाणें नाहींसें होण्यापेक्षां तें ज्या रीतीनें ऐकविलें जातें ती रीत आम्हांस अधिक जाचते. स्पॉटिफायच्या हिशेबांत तीस सेकंद ऐकलें कीं एक वेळ मोजली जाते. मग ती दोन मिनिटांची गंमत असो वा पाऊण तासाचा विलंबित ख्याल. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत १,००० वेळां न वाजलेल्या ध्वनिमुद्रणास कांहींच द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम आहे. विलंबित आणि द्रुत यांचे दोन तुकडे करून यादींत टाकलेले असतात. यादी उलटसुलट वाजूं लागली कीं द्रुत आधीं येतें, विलंबित मागाहून, आणि फुकट ऐकणाऱ्यांस मध्यें साबणाची जाहिरात! राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हें शोधावें तर या याद्यांतून तें क्वचितच हातीं लागतें. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठीं ॲपलनें मार्च २०२३ मध्यें निराळें ॲप काढलें, त्यांत संगीतकार, वाद्यवृंद आणि त्याचा संचालक यांवरून शोध घेतां येतो. आमच्या रागास तो मान परक्यानें द्यावा म्हणून आम्हीं वाट पाहत बसावें काय?

उपाय घरांतच आहे. एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नांवाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक घ्यावा, त्यास एक डिस्क जोडावी, आणि नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन यांपैकीं एखादा मोफत प्रोग्रॅम त्यावर बसवावा. हाच घरचा सर्व्हर. फोनानें मागणी केली कीं तो ती फाइल तुकड्यातुकड्यांनीं पाठवितो. वाट अरुंद असली तर जागच्या जागीं हलकी करून पाठवितो. सीडीवरील एक तासाच्या गायनास सुमारें ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅक या पद्धतीनें तेंच गायन, एकहि स्वर न गमावतां, बहुधा निम्म्या-साठ टक्के जागेंत मावतें. म्हणजे एका टेराबाइटच्या डिस्कवर अडीच हजार तासांच्या आसपास गाणें झालें. शिवाय फ्लॅक फाइलींत हव्या त्या नांवाचा रकाना घालतां येतो: राग, ताल, घराणें, साथीदार, मैफलीचें गांव. यंत्र दहा वॉट खाणारें असलें तर वर्षभर अखंड चालून ८८ युनिटेंहि जळत नाहींत.

कोणी म्हणेल, हें इंजिनिअरांचें काम. ज्या गृहस्थास आयकराचें विवरणपत्र भरतां येतें त्यास हें येणार नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. डिस्क मात्र केव्हां तरी मरतेच. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरीं, मेव्हण्याकडे म्हणा, ठेवावी. आणि सर्व्हर बाहेरून ऐकावयाचा असल्यास त्यास चांगला परवलीचा शब्द असावा. आपल्या कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो, आणि कवीचा व संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें. तेव्हां घरापुरता सर्व्हर गल्लीस खुला करून त्यास समाजसेवा म्हणणारांच्या बाजूस आम्ही नाहीं.

खरी निकड निराळीच आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्यें गेले. त्यांच्या गळ्याविषयीं आपण वाचतों, ऐकत नाहीं. पुढच्या पिढ्यांचें गाणें फितींवर आलें. गणेशोत्सवांतल्या, लग्नघरांतल्या, संगीत मंडळांतल्या मैफली रसिकांनीं स्पूलवर आणि कॅसेटवर उतरविल्या, आणि त्या आज माळ्यावर ट्रंकेंत पडून आहेत. त्या कोणत्याहि कंपनीच्या यादींत नाहींत. कितीहि वर्गणी भरली तरी तेथें त्या मिळावयाच्या नाहींत. फितीवरचा चुंबकीय लेप सुटतो, दमट हवेंत तिला बुरशी धरते, आणि ती वाजविणारीं यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षीं कमी होत आहेत. ज्यांच्या घरीं अशी ट्रंक आहे त्यांनीं सीडींच्या आधीं ती उघडावी, आणि त्या रात्रीं तबल्यावर कोण होतें हें ज्यांना आठवतें अशा वडीलधाऱ्यांस शेजारीं बसवून रकाने भरून घ्यावे.