अर्धा टक्का जास्त

पतसंस्थेच्या दारावरचा फलक चटकन डोळ्यांत भरतो: मुदत ठेवीवर अर्धा टक्का जास्त, ज्येष्ठांना आणखी अर्धा. चेअरमन ओळखीचे, मॅनेजर गावचा. मग चौकशी कशाला? निवृत्तीची सगळी पुंजी एका सहीनिशी तिथे जाते. पण पैसे तर बँकेतही अडकतात: सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा लोकांचे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसेही खात्यात अडकले. सुरुवातीला जेमतेम १,००० रुपये काढता येत होते. पुढे ४ फेब्रुवारी २०२०पासून बँकठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला. पण त्यातली मेख ध्यानात घ्या. हे ५ लाख एका बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमची मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच नावावर दहा पावत्या केल्या, तरी मर्यादा तीच. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळी लागूच नाही. तेव्हा कपाटातल्या पावत्या बाहेर काढा, बँकनिहाय बेरीज मांडा आणि मुदत संपेल तशी ५ लाखांवरची रक्कम दुसऱ्या बँकेत हलवा. चेअरमनना वाईट वाटेल, वाटू दे.